तीनच्या आत

तीनच्या आत परत पोचायचं होतं, आणि फाटकापाशीच दोन वाजून दहा मिनिटं झाली.

"तिकीट?" फाटकावरच्या माणसाने हात आडवा घातला.

"मी काय शर्यत बघायला आलोय असं वाटतं का तुम्हाला?" घड्याळजी उसळले. "जावयाला न्यायला आलोय. लेक समोरच्या दवाखान्यात अडलीय, पहिलटकरीण आहे. डॉक्टरीणबाईंनी तीनची वेळ दिलीय. आणि हे महाशय इथे!"

फाटकवाल्याचा चेहरा उतरला. "जा बाबा, जा. तिकिटाचं राहू द्या. चांगला कानाला धरून न्या त्याला."

घड्याळजी आत शिरले. तोच वास. लीद, सिगारेटचा धूर, घामट अंगं, आणि पायाखाली फाडून टाकलेल्या तिकिटांचा चिखल. वीस वर्षांत त्यांनी इथे पाऊल टाकलं नव्हतं. ह्याच मैदानाने त्यांचं घड्याळदुरुस्तीचं पहिलं दुकान गिळलं, बायकोच्या अंगावरचं किडूकमिडूक गिळलं. शेवटी सहा वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा कुठे सुटले. आता दवाखाना मिळाला तोही नेमका मैदानासमोरचा. सकाळपासून वॉर्डात बसून इथला भोंगा ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं.

वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत पावणेतीनला होती. माणसं नुसती पेटली होती. एकजण तिकिटाचे मुके घेत होता. एका म्हाताऱ्याने थुंकताना शेजारणीचे पाय रंगवले आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. एरवी चारचौघांत नीट वागणारी, बायकापोरांची माणसं ही. घड्याळजींना शिसारी आली. शर्टाच्या खिशावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही. इथे खिसेकापूंना तोटा नाही. गर्दीतल्या एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरत होती.

"कोणाला शोधताय काका?" एक जाडा माणूस वळला. त्याच्या शर्टाला आंबूस घाण येत होती. मोठ्या शर्यतीच्या आठवडाभर आधी अंगात घातलेला शर्ट निकाल लागेपर्यंत धुवायचा नाही, हा इथला जुना नेम. जाड्याने तो भक्तिभावाने पाळलेला दिसत होता.

"जावयाला," घड्याळजी म्हणाले, आणि सगळं पुन्हा सांगितलं.

"आयला! बायको तिकडे मरणाच्या दारात आणि हा इकडे मजा मारतोय? असल्याला जोड्याने मारला पाहिजे."

"अगदी माझ्या मनातलं बोललात."

"नाव सांगा त्याचं. भोंग्यावरून पुकारायला लावतो."

"नको, नको," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "दहा हजार माणसांत लेकीची अब्रू जाईल. मीच बघतो."

समोर रिंगणात घोडे फिरवून दाखवत होते. 'वावटळ' नावाची काळी घोडी आली तशी गर्दी कठड्यावर कोसळली. सगळ्यांचा जीव त्या घोडीवर. "वावटळ! वावटळ!" जाड्याही घसा फोडून ओरडला.

"डोळे फुटलेत का तुमचे?" घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं. "मांड्यांना फेस आलाय तिच्या. धावायच्या आधीच दमलीय ती."

तिच्यामागून चार नंबरचा तांबडा घोडा आला. मान सैल, पाऊल मोकळं, अंगावर घामाचा टिपूस नाही. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मूर्ख लेकाचे, घड्याळजी मनात म्हणाले. हरायलाच जन्माला आलेत. घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

"पैसे लावायच्या खिडक्यांपाशी बघावं म्हणतो," ते म्हणाले. "पण ही रांग बघा! कोण सोडणार मला पुढे?"

"सोडत नाहीत म्हणजे?" जाड्याने बाह्या सरसावल्या. "अरे सरका रे! काकांची लेक बाळंतपणात अडलीय आणि जावई इथे दडून बसलाय! वाट द्या!"

सख्ख्या भावाला बोटभर जागा न देणारी रांग दुभंगली. कुणी जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कुणी घड्याळजींच्या पाठीवरून हात फिरवला. त्या घामट हातांनी त्यांच्या अंगावर काटा आला. माणसं नाहीतच ही, त्यांना वाटलं. घरी कुणी मरत असलं तरी ह्यांची नजर घोड्यांवरून हलायची नाही.

"सापडला की माझ्या वतीने दोन ठेवून द्या!" जाड्या मागून ओरडला आणि आपली जागा धरायला कठड्याकडे पळाला.

घड्याळजी खिडकीपर्यंत पोचले. तेवढ्यात फोन वाजला. शेवटच्या इशाऱ्याचा भोंगा झाला, आणि फोनमधूनही तोच भोंगा बारीक ऐकू आला.

"बाबा, इंजेक्शन मिळालं का हो?" जावयाचा आवाज कापत होता. "डॉक्टरीणबाई दोनदा विचारून गेल्या. मीच धावलो असतो, पण ही सकाळपासून माझा हात सोडत नाहीये."

"रांगेतच आहे रे. दुकानात फार गर्दी आहे. आलोच."

त्यांनी फोन बंद केला. शर्टाच्या खिशातून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढली, तिच्यात गुंडाळलेले पैसे सोडवले आणि खिडकीतून आत सरकवले.

"चार नंबर," घड्याळजी म्हणाले. "सगळे."