खानसामा पाहुणा

हरिदास काही केल्या खुर्चीवर टेकेनात.

"अण्णा, बसा ना," धीरज तिसऱ्यांदा म्हणाला.

"बसतो रे. येऊ दे की त्यांना."

आता कोण यायचं राहिलं होतं? दिल्लीत कश्मीरी गेटजवळच्या त्या इंग्रजांच्या काळातल्या गेस्ट हाउसमध्ये सकाळी आठ वाजता या बापलेकांखेरीज चिटपाखरू नव्हतं. पण उदगीरच्या सरकारी विश्रामगृहात बत्तीस वर्षं खानसामा म्हणून काढलेला माणूस तो. कलेक्टर आले की उभा, इंजिनियर आले की उभा. गेल्या आठवड्यात यूपीएससीच्या यादीत लेकाचं नाव आलं आणि लेकानं मनाशी ठरवलं, एकदा तरी अण्णा अशा टेबलावर बसून खातील आणि वाढणारा दुसराच असेल.

म्हातारा बेअरा मुरलीधर ट्रे घेऊन आला. हरिदास चटकन पुढे झाले, ट्रे त्याच्या हातातून घेतला, धीरजच्या डाव्या बाजूनं ऑम्लेटची प्लेट अलगद ठेवली आणि पुन्हा खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. मुरलीधर बघतच राहिला.

"अण्णा, बास झालं! आज तुम्ही पाहुणे आहात इथं. माझ्यासाठी तरी बसा!"

धीरजचा आवाज चांगलाच चढला होता. हरिदास घाईघाईनं बसले, अगदी खुर्चीच्या काठावर. काटा उचलला, परत ठेवला. जन्मभर दुसऱ्यांसाठी मांडला, पण स्वतः कधी धरला होता? बिचारे ओशाळून गेले.

"आप किस डाक बंगले में थे?" मुरलीधरनं हळूच विचारलं.

हरिदासांचा चेहरा असा काही खुलला म्हणता! "उदगीर. महाराष्ट्र. बत्तीस साल." मग प्लेटकडे बघून, "ये नीचे से लग गया ना? चलो, मैं बताता."

आणि गेले की दोघं आत.

त्या लांबलचक टेबलापाशी धीरज एकटाच उरला. आधी त्याला राग आला. मग आतून अण्णांचं हसणं ऐकू आलं, खळखळून, कधी नव्हे असं. का कोण जाणे, त्याला रडूच आलं. डोळे पुसून त्यानं आपली प्लेट उचलली आणि तो स्वयंपाकघरात गेला.

आत बाकड्यावर अण्णा ऐसपैस मांडी घालून बसले होते. हातात स्टीलच्या ग्लासातला चहा, शेजारी मुरलीधर, दोघांच्या मध्ये गरमागरम ऑम्लेट.

धीरजला दारात बघताच मुरलीधर ताडकन उठून उभा राहिला. "जी साब?"

हरिदासांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. "बैठो, बैठो. लडका है मेरा."

मग स्वतः जरा सरकून त्यांनी बाकावर जागा केली.

"ये. पण इथं आपली प्लेट आपणच धुवायची बरं का."