हवा खावाले

मुख्याध्यापक योगेंद्र सरांनी बोट दाखवलं आणि तोताराम शिपायाने ग्रंथालयातला कूलर त्यांच्या ऑफिसात न्यायला दाराकडे ओढला.

"पोरं पुस्तकासाठी येत नाहीत, मॅडम. हवा खायला येतात," योगेंद्र सर म्हणाले. "आता मोठ्या सुट्टीत चिमणी तरी फिरकते का बघा. नाही फिरकली, तर उद्यापासून खोलीला कुलूप. तुम्ही ऑफिसात टपाल सांभाळा."

पारोळ्याचा मार्च. साहेबाच्या पाठीला घाम फुटला की शाळेतलं वाचन आधी मरतं.

"अक्का, मना काय दोष?" तोताराम पुटपुटला.

"तुझा कुठे म्हणते मी? नीट ने, पाणी सांडेल," ग्रंथपाल दिपमाला म्हणाली.

ती खुर्चीत टेकली. भांडायला तिच्याकडे शब्द कमी नव्हते. पण सर बोलले ते तिलाही अधूनमधून वाटून गेलेलं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

घंटा झाली. पंखा गरम हवाच ढवळत होता. पोरांचा कालवा मैदानाकडे गेला. दारात कुणी नाही. चिमणीसुद्धा नाही. ती कपाट बंद करायला उठली.

तेवढ्यात दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला. सातवीचा अख्खा वर्ग आत घुसला, ढकलाढकली करत फरशीवर बसला.

 का आलात, हे विचारायची दिपमालाला भीतीच वाटली. रोज मोठ्या सुट्टीत पोरांना वाचून दाखवायची ती गोष्ट काढून ती कालच्या पानापासून वाचायला लागली. दरोडेखोर नदीकाठी पोचला होता.

मागच्या भिंतीला टेकलेल्या मयुरीने हात वर केला.

"मॅडम, हाऊ दरोडेखोर कोन शे?"

"अगं भवाने, महिनाभर त्याचंच तर चाललंय!"

"मांगे काहीच ऐकू ये नही. कूलर भलता घरघर करे."

"मग रोज कशाला यायचीस?"

"हवा खावाले."

वर्ग खिदळला. दिपमालाही हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज तर हवा नाही. आज कशाला आलीस?"

मॅडमने काहीतरी खुळ्यासारखं विचारावं, तसं मयुरीने तिच्याकडे पाहिलं.

"पयलेपासून वाचा ना," एवढंच म्हणाली, आणि बसल्या बसल्या घसरत पुढे आली. तिच्यामागून अख्खी रांग सरकली. घामेजलेली, एकमेकांना चिकटलेली पोरं पार खुर्चीच्या पायांपर्यंत आली.