अठ्ठेचाळीस खिडक्या

“हे घर मी बांधलंय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप थेट फोटोवरच ठेवला.

तिने आधी कप उचलला. फोटोवर उमटलेला ओला गोल रुमालाने टिपला. ते फोटो सरकारी दप्तरातून सोडवायला तिची नऊ वर्षं गेली होती. मग बाबांचं वाक्य डोक्यात शिरलं.

“काय म्हणालात?”

“बांधलंय म्हणजे लाकूडकाम माझं. दारं, खिडक्या, छताचे वासे. अशी बारा घरं होती, ओळीने. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. सात महिने होतो मी त्या ओसाड माळावर.”

बावीस वर्षं ती याच बारा घरांच्या मागे हात धुऊन लागली होती. अणुबॉम्ब किती नुकसान करतो ते बघायला सरकारने ती माळावर उभी केली होती. बॉम्ब फुटला, वारा फिरला आणि राख पलीकडच्या सात गावांवर पडली. त्या गावांत अजून माणसं कॅन्सरने जात होती. सरकार म्हणे, कसली घरं आणि कसली राख? तिथे चिटपाखरूही नव्हतं! तिने लेख लिहिले, मोर्चे काढले, दोनदा तुरुंगाची हवा खाल्ली. पेपरच्या ऑफिसात तिचं नाव ‘बॉम्बबाई’ पडलं. ती दारात दिसली की संपादक टेबलाखाली लपायचं सोंग करायचा आणि सगळे खो-खो हसायचे. तीही हसायची. काय करणार!

आता मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. उद्या अकरा वाजता चौकशी समितीची शेवटची सुनावणी होती. नुसते फोटो समितीला पुरत नव्हते. त्या घरांना ज्याचा हात लागलाय असा एक तरी जिवंत माणूस आणा, नाहीतर प्रकरण कायमचं बंद, असं अध्यक्षांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. आणि तो माणूस रोज सकाळी तिच्यासमोर बसून तिच्याच पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

“बाबा, बावीस वर्षं!” तिचा आवाज फाटला. “उन्हातान्हात गावोगाव साक्षीदार शोधत फिरले मी. तुम्ही आपले ‘कशाला नसत्या उठाठेवी’ म्हणत राहिलात. आणि तुम्हीच...”

“सही घेतली होती कागदावर. तोंड उघडलं तर जन्मठेप.”

“खड्ड्यात गेला तो कागद! गेल्या वर्षीच गुप्ततेची अट उठलीय. कोणी केसाला धक्का लावणार नाही तुमच्या.”

कानशिलं तापली होती तिची, पण त्यांची खाली गेलेली मान बघून तिला भडभडूनही आलं. आवाज खाली आणत ती त्यांच्याजवळ सरकली.

“बाबा, तुमचा काय दोष? तुम्ही सुतार. सांगितलेलं काम केलंत. उद्या माझ्याबरोबर यायचं आणि एवढंच बोलायचं, की तिथे बारा रिकामी घरं होती आणि ती मी बांधली. बस्स. पुढचं मी बघते.”

“घरं बांधली म्हणेन. रिकामी म्हणणार नाही.”

“अहो, मी शंभर लेखांत तेच लिहिलंय!”

“चूक लिहिलंयस.”

त्यांनी दुसरा फोटो पुढे ओढला. खोली, आतून. एक खिडकी. फोटोंशेजारी तिने ठेवलेलं भिंग घेऊन त्यांनी खिडकीच्या चौकटीवर धरलं.

“हे दोन ठिपके दिसतात?”

“डाग आहेत फोटोवरचे.”

“भोकं आहेत ती. स्क्रूची. भुसा आणि सरस भरून मीच बुजवली.” बाबांनी भिंग खाली ठेवलं. “कड्या मी आतून बसवल्या होत्या. खिडकीला कडी आतूनच असते, त्यात विचारायचं काय? शेवटच्या दिवशी साहेब आला, त्याने ते बघितलं आणि अंगावर असा खेकसला म्हणून सांगू! आतली एकही कडी ठेवू नकोस म्हणाला. अठ्ठेचाळीस खिडक्यांच्या कड्या काढल्या मी आणि सगळ्या बाहेरून ठोकल्या. दारांच्यासुद्धा.”

“पण कशाला?” तिने विचारलं.

“तेव्हा मीही नाही विचारलं. काम आटपायची घाई होती. परतीच्या ट्रकमध्ये बसलो, समोरून चार बंद गाड्या माळाकडे गेल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.” बाबांचे डोळे भरून आले होते. “सहीची भीती कधीच नव्हती गं मला. तूच सांग आता, रिकाम्या घरातून कोण पळून जाणार होतं?”