मैनेचा सौदा

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सावळीरामचा आवाज गेला, त्याला दोन महिने झाले होते. देवळाली कॅम्पात तीस वर्षं टांगा हाकलेला माणूस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर पांढरं फडकं. घरची माणसं त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलत आणि फडक्याकडे बघायचं टाळत. नाशिकला तपासणीला जायचं त्यानं दोनदा चुकवलं होतं.

त्या सकाळी भगूरचा फारुख घोडी न्यायला आला. सौदा मुलानं, सुनीलनं, परस्पर ठरवला होता.

"दादांना आता कुठं जमणार टांगा," तो म्हणाला.

मैना घोडी जागची हलेना. फारुखनं दोर ओढला, चुचकारलं, गूळ दाखवला. तिनं चारी पाय रोवले. शेवटी सुनीलनं चाबूक ओढला.

तो आवाज ऐकून सावळीराम दारात आला. त्यानं हात वर केला. कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यानं जीभ टाळूला लावून वाजवली. टक्, टक्. या आवाजाला घसा लागत नाही.

मैनेचे कान वळले. दोर धरलेल्या फारुखला फरफटवत ती दाराशी आली. तिनं फडकं हुंगलं, नाकाडानं बाजूला सारलं आणि भोकाशी तोंड नेलं.

"अहो, मागं व्हा, जंतू जातील!" त्याची बायको चिमणाबाई ओरडली.

सावळीराम मागं झाला नाही. डोळे मिटून, मान उचलून तसाच उभा राहिला.

फारुखनं दोर सुनीलच्या हातात दिला. "राहू दे भाऊ. घोडी तुम्ही विकली. चाचांनी नाही."

पुढच्या सोमवारी सावळीराम नाशिकला तपासणी करून आला. मंगळवारी गळ्याला मफलर गुंडाळून त्यानं टांगा जोडला. बाजारात एका हवालदाराची बायको पिशव्या घेऊन चढली. स्टेशनला जायचं म्हणाली आणि लगेच सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं, ते स्टेशन येईपर्यंत. सावळीराम मान हलवत राहिला.

उतरताना ती म्हणाली, "बरं वाटलं मामा, तुमच्याशी बोलून."