आखूड बाही

पुतण्याने बाही मुद्दाम दोन बोटं आखूड कापली. अस्तराचीच होती म्हणा. भारी कापडावर तो असले खेळ करत नसे. काकांनी चष्म्यावरून पाहिलं, कपाळाला हात लावला आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "राहू दे. तुझ्याच्यानं नाही व्हायचं हे." कात्री त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. पुतण्या मान खाली घालून शिलाई मशीनवर जाऊन बसला. मनातून तो खूश होता.

कटिंग त्याला येत होतं. नुसतं येत नव्हतं, हातखंडा होता. घरी स्वतःचे शर्ट तो एका बैठकीत कापायचा आणि कोणी विचारलंच तर "काकांनी कापलाय" म्हणून मोकळा व्हायचा. या दुकानात कात्री धरणारा तो मालक, बाकीचे नुसते शिवणारे. वडील गेल्यावर काकांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्यांच्या हातातली कात्री काढून घ्यायची? माणूस नुसता बसून राहिला की खचतो. त्यापेक्षा आपण ठोंब्या ठरलेलं काय वाईट!

पण त्याच्या अंगातला शर्ट पाहून दुकानात आलेल्या एकाने हे कटिंग त्याचंच, हे बरोबर ओळखलं होतं. दुसऱ्या शहरात त्या माणसाचा मोठा शिवणकारखाना होता. कटिंग मास्तर म्हणून ये, म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत फोन कर. पुतण्याला जायचं होतं. फार जायचं होतं. तरी नकार द्यायचा, हे त्याने सकाळीच ठरवून टाकलं होतं. काकांना एकटं टाकून जाणार कसा?

दुपारी काका एका गिऱ्हाइकाचा कोट कापायला उभे राहिले. कापड महागाचं, तुकडा तेवढाच. गुडघ्यात कळ आली, तोल गेला आणि कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडेच गेली. काकांचा चेहरा पार उतरला.

"सरका जरा, काका," पुतण्या म्हणाला.

त्याने रेघा झटकल्या, कापड फिरवलं, नव्याने आखलं. कात्री कुठे अडखळली नाही. कोट पुरा निघाला. कॉलरच्या आत तेवढा एक जोड द्यावा लागला, तो काही कुणाला दिसणार नव्हता. कात्री खाली ठेवल्यावर मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

"कधीपासून येतं तुला हे?" काकांनी विचारलं.

"झाली की सात-आठ वर्षं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

काका स्टुलावर टेकले. गुडघे चोळू लागले.

"गाढवा," ते म्हणाले, "दुकान तर मी कधीच बंद केलं असतं रे. पण म्हटलं, ह्याला बाहेर कामावर ठेवणार कोण?"