सफरचंदाची फोड

"घ्या ना जावईबापू, एक फोड तरी," सासऱ्यांनी चाकूच्या टोकावर खोचलेली सफरचंदाची फोड पुढे केली.

"नको बाबा, पोट भरलंय," जावई म्हणाला. खरं तर त्याची नजर त्या पात्यावरच होती.

सकाळीच त्यानं पाहिलं होतं. आंघोळ करून तो बाहेर आला, तर सासरे खिडकीपाशी बसून चाकूनं टाच तासत होते. भेगाळलेली, पिवळट, जाड कातडी. तिचे पापुद्रे वर्तमानपत्रावर पडत होते आणि म्हातारा अधूनमधून पातं पायजम्याला पुसत होता. मग करंगळीवरच्या कुरुपाची पाळी. तीन वर्षं हा सोहळा रोज चालला होता आणि रोज त्याला तितकीच शिसारी येत होती.

चाकू मात्र देखणा. घडीचा, अक्रोडाच्या मुठीचा, चांगला महागातला. लग्नानंतर सासऱ्यांनी जोडीच आणली होती, हुबेहूब सारखी; एक स्वतःला, एक जावयाला. "कामाला येईल," एवढंच म्हणाले होते. सासरे-जावई मिळून दुकानात जुने सोफे नव्यानं मढवून देत; शिलाई सासऱ्यांकडे, चामडं कापणं जावयाकडे.

पण असल्या चाकूनं चामडं कापायला जावयाचा हात धजेना. त्यासाठी त्यानं सासऱ्यांना कळू न देता दीडदमडीचा कटर ठेवला होता. चाकू खाण्यापुरता. दुपारी आपलं सफरचंद घेऊन तो दुकानाच्या मागच्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. म्हाताऱ्यासमोर त्याला घासच उतरत नसे. तिथे निवांत पातळ फोडी करून खाई आणि शेवटी पात्यावरचा रस चाटून घेई. बिजागरीत कधी काही पांढुरकं अडकलेलं दिसे. गर सुकला असेल म्हणून तेही तो जिभेनं टिपी. घरी आला की चाकू दाराजवळच्या फळीवर, किल्ल्यांशेजारी.

"वापरता ना चाकू?" सासरे मधूनच विचारीत.

"रोज. त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही."

"मग झालं तर." म्हातारा खूश होई.

शेवटी एकदा त्यानं बायकोला सांगून टाकलं. "पाय तासायचे आणि त्याच चाकूनं मला भरवायला बघायचं. मला किळस येते. या घरात एक तर ते राहतील, नाहीतर मी."

"ताईकडे दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. बाबा तिथे कुठे झोपणार? तू एकदा बोल तरी त्यांच्याशी."

"असल्या गोष्टी काय तोंडानं बोलायच्या?"

बायको रडली, दोन दिवस अबोला धरला, पण त्यानं हेका सोडला नाही. रविवारी सकाळी म्हाताऱ्याची बॅग दाराशी आली. आपलं काय चुकलं, हे म्हाताऱ्यानं विचारलं नाही.

गाडी यायला अवकाश होता. जावयाला कधी नव्हे ते मोकळं मोकळं वाटत होतं. आज दार लोटून घ्यायची गरज नव्हती. त्यानं फळीवरचा चाकू उचलला, सासऱ्यांसमोरच टेबलाशी बसला आणि सफरचंद चिरून मोठी फोड तोंडात टाकली. मग सवयीनं पातं चाटलं.

सासरे बघतच राहिले.

"हे काय जावईबापू, त्या चाकूनं खाताय?"

"रोज खातो. का?"

म्हाताऱ्यानं घाईघाईनं खिशातून आपला चाकू काढला. तो धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला होता.

"अहो, खायला हा घ्या. ह्याला फळाशिवाय कशाचा स्पर्श होऊ दिला नाही मी. पायाला तुमचा घेत होतो रोज, तुम्ही आंघोळीला गेलात की. म्हटलं, नाहीतरी चामडं कापायचाच आहे."