एका घरचा ढीग

कोंडीराम ओव्हाळ उस्मानाबादच्या एका कॉलेजात पाच वर्षं इतिहास शिकवत होता. दर एप्रिलअखेर संस्था त्याला कामावरून कमी करायची आणि जुलैत नवी ऑर्डर हातात द्यायची. मधले दोन महिने पगार नसायचा. गावाकडं, माकणीला, आईला मात्र तो "सुट्टी लागली" एवढंच सांगायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात घरातली ज्वारी संपली. पेपर तपासायला जातो म्हणून तो निघाला आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा नळदुर्गजवळच्या दुष्काळी कामावर, तोंडाला फडकं गुंडाळून, खडी फोडायला बसला.

तिसऱ्या आठवड्यात माकणीकडचं काम बंद पडलं आणि तिथली माणसं ट्रकनं याच रस्त्यावर आणून सोडली. त्यांत त्याची आई होती, केशरबाई. ती त्याच्या समोरच येऊन बसली. फोड आलेल्या त्याच्या हातांकडं तिनं एकदा नीट पाहिलं, मग आपली हातोडी उचलली. दिवसभर दोघंही खडी फोडत राहिली.

संध्याकाळी मुकादम खडी मोजायला आला. एका घरच्या माणसांचा ढीग एकत्रच मोजायची तिथली रीत होती. त्यानं हजेरीपटावरून बोट फिरवलं.

"केशरबाई, गाव एक, आडनाव एक. ह्यो तुमचा कोण?"



"कुणी न्हाय," मान वर न करता ती म्हणाली. "माजा ल्योक कालेजात प्रोफेसर हाय."